खारट कालवण

हेमांगीने पहिला घास घेतला आणि ताट पुढे ढकललं. "अहो, बांगड्याच्या कालवणात अख्खा समुद्र ओतलात की काय? आणि एवढी आमसुलं?"

नंदकुमार पळी हातात धरून तसाच उभा राहिला. "तुला खारट लागलं?"

"नुसतं खारट? तोंडात धरवत नाही!"

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या यकृतातल्या गाठीत सुईने थंडगार, पातळ जेल सोडलं होतं. अंगाच्या उबेने ते आत खरवसासारखं घट्ट बसलं आणि आता त्यातलं केमोचं औषध थोडं थोडं त्या गाठीतच झिरपत होतं. "बाकीच्या शरीराला पत्ताही लागणार नाही," असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. नंदकुमारने तेव्हा मान डोलावली होती, पण विश्वास काही बसला नव्हता.

त्याने आईची केमो पाहिली होती. तेव्हा औषध शिरेतून अंगभर फिरायचं आणि तोंडाची चव पार जायची. काहीतरी लागावं म्हणून तो मीठ-आमसुलं दुप्पट घालायचा. आई कसाबसा घास गिळून म्हणायची, "छान झालंय रे." आजही त्याचा हात त्याच सवयीने चालला होता.

त्याने कालवण चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि थेट बहिणीला फोन लावला. "ताई, कालवण पार बिघडलंय! हिला खारट लागलं, ताई, खारट!"

पलीकडे ताई हसता हसता रडायला लागली.

"गावभर काय सांगत बसलात?" हेमांगी ओरडली. "नारळाचं दूध घाला त्यात. भूक लागलीय मला."