मशीनवरचा मांडव

केशवराव आणि केसरबाईच्या हिमानीचं लग्न झालं, त्याच वर्षीच्या माघातली गोष्ट. लग्नाचा भाड्याचा मांडव अजून पांढुर्ण्याला परत गेला नव्हता. केसरबाईनं तोच वावरात आणवला आणि केशवरावांच्या मशीनसकट सगळ्या खुर्च्यांवर ताणायला लावला.

"हे मशीन बी तुमची पोरगीच हाये. आन् साहेबाईले का उन्हात बसवता जी?"

बोलता बोलता तिला खोकला आला. शेजारच्या वावरात काल पऱ्हाटी जाळली होती. कापूस निघाला की वाळली झाडं उपटून जाळायची, गावाची रीतच ती. त्या धुरानं केसरबाईचा दमा दरवर्षी उसळायचा.

केशवरावांची मशीन तीच पऱ्हाटी दळून खतासाठी भुसा करायची, टपावरच्या सोलर पाट्यांच्या विजेवर. सरकारच्या नव्या योजनेत ती पास झाली, तर बाकीची वावरं पेटायच्या आधीच गावाला तशा आणखी मशीनी मिळणार होत्या.

ती तपासायला साहेब सकाळी येणार होते. केशवराव पाट्या पुसत, फाटकापर्यंत जात, परत येऊन पुन्हा पुसत. कोवळं ऊन मांडवाखालून तिरपं येऊन पाट्यांवर पडत होतं. त्यांनी मशीन चालवून पाहिली. झकास चालली.

"अवो, बसा ना एका जागी. नवरीच्या बापावानी काय फिरून राहिले?"

"नवरीचाच बाप हाओ ना मी."

साहेब आले तेव्हा दुपार झाली होती. केसरबाईनं त्यांना संत्र्याचा रस दिला. केशवरावांनी बटण दाबलं. मशीन गुरगुरली आणि थांबली. पुन्हा दाबलं. नुसतीच गुरगुरली.

त्यांनी वर पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मधे लग्नाचं जाड कापड होतं.

"साहेब, मांडव सोडतो. जरासे थांबा जी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मोहगाव भी जाना है, काका. मांडव तो बढ़िया है. अगले साल फिर आएँगे."

केशवराव खांबावर चढले. लग्नाच्या गाठी, लवकर सुटेनात. जीप वळणाआड गेली तेव्हा कापड घसरून खाली आलं. बटण दाबलेलंच होतं. मशीन धडाडून सुरू झाली.

"चालली वं माय!" केसरबाईनं पऱ्हाटीची मोळी उचलून आत लोटली. "अवो, हाका मारा ना त्याईले!"

केशवराव खांबावरूनच ओरडले. मशीनच्या आवाजात त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून गावची वावरं एकेक करून पेटली. केसरबाई होळीच्या आदल्या दिवशी वारली.