तीन जिवांची स्वारी

गोड पाण्याचा ग्लास रिकामा झाला तशी नर्सनं बजावलं, "आता रक्त घेईपर्यंत इथून हलायचं नाही. आणि खायचंही काही नाही."

मायलेकी बाकावर टेकल्या. आईचं घर शिवणकामावर चाललेलं. तिचे हात म्हणून रिकामे राहीनात. मांडीवरच्या गलेलठ्ठ पिशवीतून तिनं इवलंसं झबलं काढलं आणि काठाला टाके घालू लागली. लग्नाला वर्ष झालेली लेक तिच्या खांद्यावर रेलली.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रक्तात चरबी जास्त दिसतेय. हा आजार नव्हे, पण पुढे गरोदरपणातली साखर वाढायचा धोका असतो. रोज चाला, जिभेला आवरा."

घरी बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "चरबी ना? ती या घरातल्या बायकांत पहिल्यापासूनच आहे."

त्यानंतर आठवडाभर बाबांना बिनसाखरेचा चहा मिळाला.

केक-बिस्किटांना घर बंद झालं. लेक रोज संध्याकाळी सासरहून यायची आणि दोघी बागेला फेऱ्या मारायच्या. कोपऱ्यावरचा चपला शिवणारा हसून विचारायचा, "निघाली का तीन जिवांची स्वारी?" पाय दुखले, कंटाळा आला, पण फेरी चुकली नाही. दिवस तसे मजेत गेले. आज मात्र टाके घालताना आईच्या मनात एकच घोळत होतं. एवढं करूनही साखर वाढलीच असली तर? बाळाला त्रास झाला तर?

शेजारच्या बाईनं लेकीच्या ढगळ झग्याकडे बघत विचारलं, "कितवा गं?"

"सहावा सरत आला," लेक म्हणाली.

"तरी म्हटलं, आईचा जीव का टांगणीला लागलाय. आजी व्हायचं म्हणजे असंच असतं बघा."

आई लाजली आणि टाका चुकली. लेकीनं कसंबसं हसू गिळलं.

यथावकाश सुई टोचून झाली. पुन्हा वाट बघणं आलं. झबल्याचा काठ पुरा होईस्तोवर नर्स बाहेर आली.

"साखर अगदी हवी तेवढीच आहे. फेऱ्या कामी आल्या म्हणायच्या."

आईचे डोळे भरून आले. तिला फार फार बरं वाटलं.

लेक बाकावरून उठली, आईच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली. तिच्या मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि आईच्या पोटाला कान लावला.

"ऐकलंस ना? आता ताईला खुशाल लाथा मार."