उद्घाटनापूर्वी

भाजीवालीची मागणी ऐकून नगरपालिकेच्या सभागृहात सगळे समोरचे कागद चाळू लागले होते. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून तयार होते. पण उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेना, म्हणून दाराला कुलूप होते. “फीत सावकाश कापा, दादा, कुलूप तेवढं काढा,” ती नगराध्यक्षांना पुन्हा म्हणाली. “सून पोटुशी आहे माझी. जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. काल भोवळ येऊन टोपल्यांवर कोसळली.” “पण मावशी, मंत्र्यांआधी वापरलं तर बरं दिसेल का?” एका नगरसेवकाने विचारले. “बायकांच्या संडासात पहिला मान मंत्र्यांचा होय?” कुणीतरी फिसकन हसले. त्या भरल्या पोटांच्या हसण्याची तिला किळस आली. “सांगा ना, दादा, तोवर तिनं जायचं कुठं?” मघापासून खुर्चीत चुळबुळणारे नगराध्यक्ष उठले, सभागृहालगतच्या स्वतःच्या स्वच्छतागृहात शिरले. आतून कडी लागली.