निळी पावलं

हॉलच्या फरशीवर मृण्मयीने निळ्या चिकटपट्टीची पावलं चिकटवली होती. विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनात यंदा पहिल्यांदाच बॉलडान्स होणार होता. नवशिक्यांनी फक्त या पावलांवर पाय ठेवत जायचं, ही तिच्या नवऱ्याची, निनादची कल्पना. फेब्रुवारीत तो आजारपणात गेला, तेव्हा त्याच्या वहीत सगळी मापं लिहून तयार होती.

सरावाला पहिली जोडी उतरली आणि दुसऱ्याच गिरकीला धडपडली. चेहऱ्याला हिरवा रंग फासून परग्रहवासी झालेले काका म्हणाले, “अगं, नाच शिकवतेस की लांब उडी?”

सगळे हसले. मृण्मयीने वही पुन्हा पाहिली. दर दोन पावलांत अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर अंतर. सव्वासहा फुटी निनादने स्वतःचंच पाऊल मोजलं होतं. स्वयंपाकघरात त्याच्यासोबत सराव करताना तिला मात्र ते कधी लांब वाटलंच नव्हतं.

“पन्नासवर आणू,” म्हणत ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक पाऊल फरशीवरून सोलू लागली. काकाही वाकले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “खिडकीपाशी दोन राहिली गं.”

“ती राहू देत काका,” ती म्हणाली. “तिथे कोणी नाचणार नाहीये.”