बेडकांची वाट

“आणि ही बेडकांची वाट!” आर्किटेक्ट गुडघ्यावर बसून म्हणाला. पर्यटकांच्या गाड्यांखाली एकही बेडूक चिरडला जाऊ नये म्हणून त्याने रस्त्याखालून रुंद पाइप टाकला होता. तपासणीस बाईंनी वाकून पाहिलं आणि तक्त्यात खूण केली. पर्यावरणस्नेही निवासाचं प्रमाणपत्र आता मिळाल्यातच जमा होतं.

वटवाघळांसाठी छपराखाली फटी होत्या. पाखरं आपटू नयेत म्हणून काचांवर ठिपके होते. बावीस खोल्या, प्रत्येकीत तांब्याभर पाण्यात साफ होणारा संडास. सफाईवाल्या मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन सकाळपासून दारं उघडत मागे मागे फिरत होत्या. उन्हाने त्यांचे ओठ सुकले होते. बाईंनी तिसऱ्यांदा आपली बाटली पुढे केली. मावशींनी तिसऱ्यांदा नको म्हणून मान हलवली.

“मावशी म्हणजे उंटाच्या वरताण!” आर्किटेक्ट म्हणाला. “पाणी वाचवण्यात आमच्याही पुढे.” आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसला.

दुपारचे दोन वाजले. शेवटचा रकाना उरला होता.

“कामाला बायका किती?” बाईंनी विचारलं.

“अकरा.”

“त्यांचा संडास?”

आर्किटेक्टने नकाशा पसरला. त्याचं बोट बेडकांच्या वाटेवरून निघालं, वटवाघळांपाशी थबकलं आणि कुंपणाला शिवून रिकामंच परत आलं. दोन वर्षं खपून काढलेला नकाशा! बेडूक दिसले, वटवाघळं दिसली, अकरा जित्याजागत्या बायका तेवढ्या दिसल्या नाहीत.

“पुढच्या टप्प्यात घेतोय,” तो पुटपुटला.

“तोवर खोल्यांतले वापरतात?”

“छे छे! ते पाहुण्यांसाठी आहेत.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तक्ता मिटला. “मावशी, तुम्ही कुठे जाता?”

मावशींनी खाली मान घालून कुंपणापलीकडच्या झुडपांकडे हात केला.

“चला. मलाही जायचंय, तिथेच जाऊ.”

“मॅडम, अहो, खोलीत आहे ना! अगदी लख्ख!”

“जे घासतात त्यांना वापरता येत नाही, तर मलाही नको,” म्हणत बाई तरातरा निघाल्या.

मावशी धावल्या. त्यांनी बाईंचा हात धरला.

“आत्ता नाही जाता येत, बाई. अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं.”