घासलेली नाणी

निशिकांत ऑफिसातून घरी आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून मीनलची नाणी घासत होत्या. वाडग्यात चिंच-मीठ कालवलेलं होतं. शेजारी टॉवेलवर घासून झालेली नाणी मांडलेली, लख्ख पिवळी.

"आई, हे काय केलंत?"

"काळीहिरवी पडली होती सगळी," संजीवनीबाई म्हणाल्या. "यांच्यावर देवी आहेत ना, मीनलनेच फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, आजारपणात तिला जमलं नसेल."

निशिकांत खुर्चीत बसला. रोमन काळातली ब्राँझची नाणी ती. एका बाजूला राण्या, दुसऱ्या बाजूला देवी. मीनलने एकेक करून जमवली होती. त्यांच्यावरचा हिरवा थर जाऊ नये म्हणून ती कुणाला बोट लावू देत नसे, त्यालासुद्धा. शेकडो वर्षं मातीत राहून चढलेला तो थर एका दुपारात उतरला होता. डोळे, केस, अक्षरं, काही धड कळत नव्हतं.

"वाया गेली सगळी!" तो ओरडला. "मीनल असती तर..."



संजीवनीबाईंचा हात थांबला. मीनल गेल्याचं कळताच मिळेल त्या विमानाने त्या पुण्याहून निघाल्या होत्या. विमान रखडलं. क्रिमेटोरियमची वेळ बदलून मिळाली नाही. परदेशातल्या, बुकित पंजांगच्या या फ्लॅटवर त्या पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं.

"ही एक राहिलीय," त्या हळूच म्हणाल्या आणि एक नाणं त्याच्यापुढे धरलं. "हिला नाही लावलं काही. कोण ही?"

त्याने ते तळहातावर घेतलं. गालावर, अंबाड्यावर गडद हिरवा रंग तसाच होता.

"फौस्तिना. रोमच्या राजाची बायको. ती त्याच्याआधी गेली. मग तो कितीतरी वर्षं तिच्या नावाची नाणी पाडत राहिला. मीनलला हीच सगळ्यांत आवडायची."

संजीवनीबाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. बोटांवरून चिंचेचा कोळ मनगटाकडे ओघळत होता.

"ही गेली तेव्हा हिची आई होती का हो?"

"माहीत नाही, आई," निशिकांत म्हणाला. "पुस्तकात फक्त नवऱ्याचं लिहिलंय."

तो खुर्चीवरून उठला आणि त्यांच्याजवळ फरशीवर बसला.