सरांचा प्रामाणिकपणा

"सर, तुमच्या सिद्धतेत चूक आहे," पीएच.डी. करणारी इरावती चाचरत म्हणाली. यंत्रणा बिघडण्याची शक्यता मार्कोव्ह साखळी या संभाव्यतेच्या गणितावरून आपोआप तपासायच्या ज्या पद्धतीमुळे तिचे मार्गदर्शक डॉ. गुर्जर नावाजले गेले, तीच तिच्या प्रोग्रॅमने एका उदाहरणात खोटी ठरवली होती.

सरांनी ते उदाहरण पुन्हा पुन्हा तपासलं. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. आधी तुम्हालाच."

"शहाणी आहेस," म्हणत त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

पुढच्याच परिषदेत सर मंचावरून म्हणाले, "माझी चूक मलाच सापडली. लपवणं जमलं नाही." मागे पडद्यावर तिचंच उदाहरण होतं. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

"असा माणूस विरळा," शेजारचे प्राध्यापक तिला म्हणाले.

इरावतीच्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. तीही उठली आणि टाळ्या वाजवू लागली.